ज्याला मुखाने कबुली देता येत नाही, त्याच्या तारणाविषयी

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम आहे आणि पंधरा-वीस शब्दांपलीकडे त्याला बोलता येत नाही. तान्हेपणी त्याचा बाप्तिस्मा झाला. दर रविवारी तो देवळाच्या दारात उभा राहून ‘उपासना संगीत’ची पुस्तके वाटतो आणि प्रभूची प्रार्थना संपली की सर्वांच्या आधी मोठ्याने आमेन म्हणतो. मागे त्याने रागाच्या भरात भाचीला ढकलले, ती रडू लागली, तेव्हा थोड्या वेळाने आपल्या वाटणीचे बिस्किट त्याने तिच्या हातावर नेऊन ठेवले. गेल्या महिन्यात आमच्या घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय वाचून ते म्हणाले की, जो स्वतः समजून मुखाने कबुली देत नाही त्याचे तारण नाही, आईबापांचा विश्वास उसना चालत नाही, आणि तान्हेपणीचा बाप्तिस्मा म्हणजे नुसते पाणी. मुलाला धरणावर नेऊन बुडवून बाप्तिस्मा द्यावा असे त्यांचे म्हणणे आहे; पण तोंडावर पाणी आले तरी तो किंचाळतो. आमचे नवे पाळकसाहेब त्याला प्रभुभोजन देत नाहीत, कारण त्याला स्वतःची परीक्षा करता येत नाही. मागच्या वेळी वेदीच्या कठड्यापाशी तो माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला होता, पाळकसाहेब त्याला ओलांडून पुढे गेले, आणि गीत संपेपर्यंत त्याने तळहात उघडाच ठेवला होता. शेजारीपाजारी म्हणतात, आईबापांचे काही पाप असेल. मला रात्र रात्र झोप लागत नाही. मी गेल्यावर तो मला तिथे भेटेल का? — एक आई”

आदरणीय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तुम्ही त्याचीच वाट पाहत असाल. होय, भेटेल. हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. ख्रिस्ती मंडळीने पंधराशेहून अधिक वर्षे या प्रश्नावर जो विचार केला आहे, तो वाचून आणि पवित्र शास्त्र समोर ठेवून लिहितो आहे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या तारणाविषयी थेट बोलणारे एकही वचन पवित्र शास्त्रात नाही. त्यामुळे जो कोणी एक वचन काढून दाखवतो आणि प्रश्न मिटला म्हणतो, मग तो तुमच्या बाजूने बोलत असो की विरुद्ध, त्याच्याकडून घाई होते आहे. आपल्याला देवाच्या स्वभावाविषयी आणि ख्रिस्ताच्या कार्याविषयी जे सांगितले गेले आहे त्यावरूनच उत्तराकडे जावे लागते, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

उपदेशकांनी वाचलेल्या वचनापासून सुरुवात करू. येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करशील आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास धरशील तर तुझे तारण होईल, असे पौल लिहितो. हे वचन खरे आहे आणि ज्याला ते ऐकून समजते त्याला ते लागू आहे. पण पौल तिथे कोणत्या प्रश्नाला उत्तर देत होता? यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक) यांच्यासाठी तारणाचे दोन निरनिराळे मार्ग आहेत काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, आणि प्रभू सर्वांचा एकच आहे हे त्याला ठासून सांगायचे होते. बुद्धीची वाढ ज्याच्यात वेगळ्या रीतीने झाली आहे त्याचे काय, याचा विचार त्या अध्यायात नाही. ‘मुखाने’ हा शब्द उपदेशकांनी लावला तितक्या कडकपणे लावायचा ठरवला, तर जन्मतः मुका असलेला माणूस तारणाबाहेर जाईल; आणि त्याच अध्यायात पुढे विश्वास ऐकण्याने होतो असे म्हटले आहे, तोही शब्द तसाच लावला तर बहिरा माणूसही बाहेर जाईल. असे कोणताही सुज्ञ उपदेशक शिकवत नाही. शिवाय ऐकल्यावाचून विश्वास कसा ठेवतील आणि घोषणा करणाऱ्यावाचून कसे ऐकतील, हे प्रश्न पौलाने त्याच ओघात विचारले आहेत. त्यांचे ओझे बोलणाऱ्यावर पडते, ज्याला समजण्यास कठीण जाते त्याच्यावर पडत नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, उपदेशकांच्या बोलण्यात विश्वास हीच एक कमाई होऊन बसली आहे. तारण कृपेने आहे, विश्वासाच्या द्वारे आहे, आणि ते आपल्या हातून झालेले नसून देवाचे दान आहे, असे इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय सांगतो. जर विश्वास म्हणजे काही विधाने समजून घेऊन ती बरोबर म्हणून दाखवणे असेल, तर हुशार माणूस तारणाच्या अधिक जवळ आणि मंदबुद्धी माणूस अधिक दूर असे होईल, आणि मग ते दान उरणार नाही. गलतीकरांस लिहिताना पौल एका ठिकाणी आपलेच वाक्य दुरुस्त करतो: तुम्ही देवाला ओळखता, असे म्हणता म्हणता तो थांबतो आणि म्हणतो की, देवाने तुम्हाला ओळखले आहे. तुमचा मुलगा देवाविषयी किती जाणतो हे मला सांगता येणार नाही, तुम्हालाही पूर्णपणे सांगता येणार नाही. पण देव त्याला जाणतो याविषयी आपल्यापैकी कोणालाही शंका असण्याचे कारण नाही.

हा विचार आजच्या काळाच्या हळवेपणातून आलेला नाही. सुमारे ४१२ साली, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप ऑगस्टीन यांनी पाप आणि बाप्तिस्मा यांविषयी लिहिताना अशाच एका माणसाची हकिकत सांगितली आहे. लोक ज्याला वेडगळ म्हणत असा तो माणूस स्वतःची कितीही टवाळी झाली तरी मुकाट्याने सोसत असे. पण ख्रिस्ताच्या नावाची निंदा मात्र त्याला सहन होत नसे, आणि ती करणारा त्याचा धनी असला तरी तो दगड उचलून त्याच्यावर फेकत असे. दगड फेकणे बरे असे ऑगस्टीन यांना म्हणायचे नव्हते. देवाची कृपा बुद्धीची पात्रता पाहून दिली जात नाही आणि पवित्र आत्मा कोणत्याही प्रकारच्या माणसाला वगळून जात नाही, हे बुद्धिमंतांना कळावे म्हणून अशी माणसे आपल्यात आहेत, असा त्यांनी त्यातून अर्थ काढला. हे ऑगस्टीन बाप्तिस्मा न झालेल्या बालकांविषयी फार कठोर मत बाळगणारे होते, आणि त्या मतात मी त्यांच्याबरोबर नाही. पण म्हणूनच अशा कडक माणसाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष मला वजनदार वाटते.

पुढच्या शतकांत निरनिराळ्या मंडळ्या निरनिराळ्या वाटांनी साधारण याच ठिकाणी आल्या. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी लिहिले की, ज्यांना जन्मापासून कधीच विवेकाचा वापर करता आला नाही त्यांना बालकांप्रमाणे मंडळीच्या विश्वासावर बाप्तिस्मा द्यावा. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही बाप्तिस्म्याच्या बाबतीत अशा व्यक्तीला बालकासमान धरले आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर तान्ह्या बाळालाच बाप्तिस्मा, पवित्र तेलाचा अभ्यंग आणि प्रभुभोजन एकत्र दिले जाते, त्यामुळे समजण्याची अट तिथे मुळातच उद्भवत नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी पुनर्बाप्तिस्म्याविरुद्ध १५२८ मध्ये लिहिताना, बालके विश्वास धरू शकत नाहीत हे कोणी सिद्ध करून दाखवावे असे आव्हान दिले आणि अलीशिबेच्या उदरात उडी मारणाऱ्या योहानाकडे बोट दाखवले.

आपल्या भागाशी ज्याचा सरळ संबंध आहे असा एक दाखला मला विशेष सांगावासा वाटतो. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, आणि त्यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या मंडळीचा मतांगीकार (विश्वासाचे अधिकृत निवेदन) म्हणजे १६४६ मध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टर मतांगीकार होय. त्याच्या दहाव्या प्रकरणात, बालपणी मरण पावणाऱ्या, देवाने निवडलेल्या बालकांचे ख्रिस्त पवित्र आत्म्याच्या द्वारे तारण करतो असे सांगून लगेच म्हटले आहे की, वचनाच्या घोषणेने ज्यांना बाहेरून पाचारण होऊ शकत नाही अशा इतर सर्व निवडलेल्यांचेही तसेच आहे. ‘निवडलेले’ या शब्दावर त्या परंपरेत पुष्कळ वाद झाले आहेत आणि ते मी येथे उकरून काढत नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच की, बाहेरचे पाचारण ज्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यापर्यंत आत्मा पोहोचतो, हे इतक्या काटेकोर मतांगीकारातही पावणेचारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

तुमच्या पत्रातील उपदेशक बहुधा केवळ विश्वासणाऱ्यांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या परंपरेतले असावेत. त्या परंपरेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच सांगतो की ते आपल्याच परंपरेच्या पुढे गेले. बाप्तिस्त आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत ‘जबाबदारीचे वय’ ही शिकवण सर्वत्र परिचित आहे: ज्याला बरेवाईट कळून निवड करता येत नाही त्याला देव त्या निवडीसाठी दोषी धरत नाही. लंडनचे प्रसिद्ध बाप्तिस्त उपदेशक स्पर्जन बालकांना बाप्तिस्मा देत नसत, तरी १८६१ मध्ये त्यांनी एका संपूर्ण प्रवचनात, बालपणी मरणाऱ्या सर्वांचे तारण होते असे ठामपणे मांडले. या शिकवणीला शास्त्रात आधार आहे. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात, ज्यांना अजून बरेवाईट कळत नाही त्या मुलांना पित्यांच्या अविश्वासाची शिक्षा न देता देव वचनदत्त देशात नेतो. तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसते, पण आम्हाला दिसते असे तुम्ही म्हणता म्हणून तुमचे पाप राहते, असे प्रभू परुश्यांना म्हणाला. ज्याला पुष्कळ दिले त्याच्याकडून पुष्कळ मागितले जाईल, हेही त्याचेच शब्द. निनवेवर दया का करू नये असे योनाला विचारताना देव, उजव्याडाव्या हाताचा भेद न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांचा उल्लेख करतो. ती बालके होती की सारे नगरच, याविषयी भाष्यकारांचे एकमत नाही, पण न कळणे हे देवाच्या दयेचे कारण होते, कोपाचे नव्हते, इतके तर स्पष्ट आहे. दावीद आपल्या मेलेल्या बाळाविषयी, मी त्याच्याकडे जाईन, असे म्हणतो, ते वचन अशा प्रसंगी बहुतेक जण प्रथम सांगतात. मी त्यावर सारा भार टाकत नाही, कारण दाविदाला केवळ मरण अभिप्रेत असणेही शक्य आहे.

मात्र येथे एक सावधगिरी घ्यायला हवी. तुमचा मुलगा निष्पाप आहे म्हणून तारला जाईल, असे मी म्हणत नाही. असे म्हटले तर त्याला ख्रिस्ताची गरजच नाही असे होईल, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ‘ही मुले देवदूतच असतात’ असे आपल्याकडे प्रेमाने म्हणतात, पण देवदूत म्हटले की त्याला राग, हट्ट, मत्सर, पश्चात्ताप, क्षमा हे माणसाचे आयुष्य आपण नाकारतो. तुमच्या पत्रातले बिस्किट मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याने ढकलले, तिला लागले हे त्याला कळले, आणि जे त्याला स्वतःला हवे होते ते त्याने तिला दिले. पश्चात्तापाची कबुली शब्दांत देणारे आणि बिस्किट मात्र स्वतःच खाणारे पुष्कळ लोक आपण मंडळीत पाहतो. त्याच्या आकलनाच्या मापाने त्याच्यात विश्वासही आहे आणि पश्चात्तापही आहे, असे मला वाटते. आणि जिथे ते माप संपते, तिथे ख्रिस्ताचे कार्य संपत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व सगळ्यांत सारखे नसते. ज्याला बरेच समजते त्याला सोप्या भाषेत सुवार्ता सांगणे, प्रार्थना शिकवणे, चूक झाली तर क्षमा मागायला लावणे हे आपले काम आहे, आणि ‘त्याला काय कळते’ म्हणून ते टाळणे हा त्याचा अपमान आहे.

बाप्तिस्म्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो पुन्हा देऊ नका. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने तो एकदा झाला आहे, आणि पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा आम्ही मानतो असे निकेय मतांगीकारात आपण म्हणतो. आपल्या मंडळीचे नाव तुम्ही दिलेले नाही आणि त्याची गरजही नाही. पण महाराष्ट्रातील अनेक मराठी मंडळ्या ज्यात सामील आहेत त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे झाली, तेव्हा त्यात बाप्तिस्त आणि ब्रदरेन मंडळ्याही होत्या, आणि म्हणून तिथे बालकांचा व प्रौढ विश्वासणाऱ्यांचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केलेले आहेत. ‘नुसते पाणी’ हे शब्द अशा ऐक्यावर घाव घालतात. आणि जो तोंडावर पाणी आले तरी किंचाळतो त्याला धरणावर नेऊन चार जणांनी धरून बुडवणे, याला मी कोणत्याही परिस्थितीत विश्वासाची कबुली म्हणणार नाही. त्याची भीती त्याला बोलून दाखवता येत नाही, म्हणून ती तुम्हीच त्याच्या वतीने बोलली पाहिजे. उपदेशकांना नम्रपणे पण ठाम नकार द्या, आणि ते पुन्हा येणार असतील त्या दिवशी मुलाला त्या सभेला नेऊ नका.

‘उसना विश्वास’ या शब्दांनी तुम्हाला फार लागले आहे असे दिसते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे वाट मिळत नाही म्हणून छप्पर उचकटतात आणि बाज खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असे तिथे लिहिले आहे, आणि मग त्या पडलेल्या माणसाला तो म्हणाला, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. ‘त्यांचा’ यात तो पडलेला माणूसही धरावा असे काही भाष्यकार म्हणतात. पण उचलणाऱ्यांना त्यातून वगळता येत नाही. तुम्ही २७ वर्षे त्याला दर रविवारी देवळात घेऊन येत आहात.

आता प्रभुभोजन. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर बाब हीच आहे, कारण मुलाच्या तारणाला उपदेशकांच्या बोलण्याने धक्का लागत नाही, पण कठड्यापाशी त्याला ओलांडून गेल्याने त्याला प्रत्यक्ष दुखापत होते. पाळकसाहेबांच्या मनात करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय असणार: माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. हा अध्याय त्यांनी पहिल्यापासून वाचावा अशी माझी विनंती आहे. करिंथ येथे खातेपिते लोक आधी येऊन पोटभर जेवत होते, काही जण तर पिऊन मस्त होत होते, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत होते. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे पौल रागाने विचारतो आणि शेवटी, एकमेकांची वाट पाहा, असे सांगतो. आत्मपरीक्षेची आज्ञा ही दुर्बळाला भोजनापासून दूर ठेवणाऱ्या समर्थांना दिलेली आहे. तीच आज्ञा दाखवून मंडळीतल्या सर्वांत दुर्बळ माणसाला दूर ठेवले, तर पौलाने ज्याचा निषेध केला तेच आपण करतो. याच पत्राच्या पुढच्या अध्यायात, शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत असेही तो लिहितो.

जुन्या परंपरेत याविषयी कडक मते होती, हे मी लपवत नाही. जन्मतः अजिबात विवेक नसलेल्याला प्रभुभोजन देऊ नये असे अक्वायनस यांचेच मत होते. मात्र ज्याची समज केवळ दुबळी आहे आणि ज्याला थोडीशी भक्ती शक्य आहे त्याला ते नाकारू नये, असेही त्यांनी त्याच ठिकाणी लिहिले. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९९५ मध्ये दिव्यांगांच्या संस्कारविधींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ही भाकर साध्या अन्नाहून वेगळी आहे हे त्या व्यक्तीला कळावे इतकीच अपेक्षा ठेवली आहे, आणि ते कळणे शब्दांतून दिसले नाही तरी हावभावातून किंवा आदरयुक्त शांततेतून दिसले तरी पुरते. शंका असेल तेव्हा बाप्तिस्मा झालेल्याच्या हक्काच्या बाजूने निर्णय घ्यावा, असेही त्यांत म्हटले आहे. तुमची मंडळी कॅथलिक नाही, पण ही कसोटी कोणालाही लावून पाहता येईल. गीत संपेपर्यंत उघडा राहिलेला तळहात त्या कसोटीला उतरतो, असे मी निःशंकपणे म्हणेन.

शेजाऱ्यांच्या बोलण्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे विचारले, आणि प्रभूने दोन्ही नाकारले. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे फ्रेंच संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. पेशी विभागताना हा बदल बहुतेक वेळा आपोआप घडतो आणि आईबापांच्या कोणत्याही कृत्याचा तो परिणाम नसतो. यापुढे कोणी पापाचा विषय काढला, तर योहानाच्या नवव्या अध्यायाची पहिली तीन वचने वाचून दाखवा.

पुढे काय करावे ते सांगतो. पाळकसाहेबांना रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत गाठू नका. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी वेळ मागून त्यांच्या घरी जा आणि मुलाला बरोबर न्या, म्हणजे ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो माणूस त्यांच्यासमोर बसलेला असेल. तुमच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या विश्वासाची स्वतः कबुली देण्याचा विधी) आवश्यक असेल, तर प्रश्नोत्तरांच्या परीक्षेऐवजी त्याला जमेल अशा रीतीने ते व्हावे अशी विनंती करा. मतांगीकारानंतर त्याने आमेन म्हटले, तर ते मंडळीच्या कबुलीत त्याने आपला आवाज मिळवणे होय. घरी तयारी करायची असेल तर एवढीच करा: जेवणाच्या वेळी भाकरीचा एक तुकडा बाजूला ठेवून येशूचे नाव घ्या, तो त्याच्या हातावर ठेवा, आणि हे काही आठवडे रोज त्याच रीतीने करत राहा. पाळकसाहेब अडखळत असतील तर विषय पास्टोरेट कमिटीपुढे (मंडळीच्या कार्यकारी समितीपुढे) लेखी मांडावा, आणि तिथेही निर्णय झाला नाही तर बिशपसाहेबांकडे पत्र लिहावे. ही तक्रार नाही, बाप्तिस्मा झालेल्या सभासदाच्या वतीने केलेली रीतसर विनंती आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही तुमच्या जाण्याविषयी लिहिले आहे, आणि त्यामागे त्याला पुढे कोण सांभाळील हीही चिंता आहे असे मला जाणवले. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी सारी मंडळी उभी राहिली असेल आणि या लेकराचे ख्रिस्ती संगोपन करण्यात साहाय्य करू असे तिने वचन दिले असेल. ते वचन देणाऱ्यांपैकी जे आज हयात आहेत त्यांची नावे आठवून एका कागदावर लिहा, आणि त्यांच्यापैकी दोघा-तिघांना घरी बोलावून हा विषय उघडपणे काढा. हे पत्र पाळकसाहेबांना दाखवायचे असेल तर जरूर दाखवा. त्यांना यातले काही पटले नाही, तर त्यांनी मला लिहावे; मी त्यांनाही सविस्तर उत्तर देईन.